देवीच्या चौरंगाखालचा थिनर

ते प्रकरण आठवलं की मला आधी हसू येतं, आणि मग अंगावर काटा येतो. लालबागच्या हद्दीत माझी नेमणूक होती. नवरात्राचा बंदोबस्त चालू होता, माणसं झोपेला महाग झाली होती. त्यात खबऱ्याने टीप दिली: एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ केमिकलचे कॅन नेतो, गॅलरीत बसून बाटलीत काहीबाही मिसळतो, वासाने शेजाऱ्यांचं डोकं उठतं. खोल्याखोल्यांतून नशेचा माल सापडायचे दिवस होते ते. मी साध्या कपड्यातली माणसं लावली.

संध्याकाळी तो सापडला चाळीखालीच, स्वतःच्या जुनाट गाडीच्या टाकीत नरसाळं लावून बाटली ओतताना. पन्नाशीचा, कपाळाला गंध, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. ठाण्यात आणल्यावर घाबरायचं सोडून उलट आमच्यावरच चिडला.

"साहेब, हे ऑक्टेन वाढवायला आहे."

"काय वाढवायला?"

"पेट्रोलची ताकद हो. थिनर आणि तसलंच काय काय घालायचं. मोबाईलवर व्हिडिओ आहे, दाखवू?"

"कशाला पण हे उपद्व्याप?" हवालदाराने विचारलं.

"दसरा झाला की आम्ही गावाला कुलदेवीला जातो. घाटात गाडी ठकठक करते. मागच्या वर्षी साडू नवी गाडी घेऊन हॉर्न मारत पुढे गेला आणि वर पोचून आमच्यासाठी चहा सांगून ठेवला. तयार चहा, साहेब. बायकोसमोर."

हवालदाराने मान डोलावली. त्यालाही साडू होता.

मी विचारलं, "बाकीचा माल कुठाय?" गडी एकदम गप्प. बडबड्या माणूस ज्या प्रश्नाला गप्प होतो तिथेच पाणी मुरतं, हा माझा अनुभव. मी चहा मागवला आणि नुसता त्याच्याकडे बघत बसलो.

"घरातच आहे," तो शेवटी म्हणाला. "बायकोला सांगितलंय, डिकीत ठेवतो म्हणून. आई सगळीकडे हात घालते, त्यामुळे कुणी शिवणार नाही अशी जागा बघितली. देवीच्या चौरंगाखाली."

"आणि चौरंगावर काय आहे?"

"घट. आणि अखंड दिवा."

बोलून गेल्यावर त्याचं बोलणं त्याच्याच कानात शिरलं. चेहरा पांढराफटक पडला. "आई तिथेच झोपते, साहेब," तो म्हणाला.

अग्निशमन दलाला कळवून आम्ही त्याला घेऊन धावलो. मजला रिकामा करायला लावला, त्याच्या म्हाताऱ्या आईला आधी खाली नेलं. त्याची बायको दारात आडवी उभी राहिली.

"बूट भायर काढा."

पायमोज्यांवर धाड घालायची ती माझी पहिलीच वेळ.

"वहिनी, तो दिवा आधी हलवायला हवा."

"दिवो इझवूचो नाय हां, सायबानू. दसऱ्यापर्यंत पेटतो रवाक व्हयो."

"विझवत नाही हो. नुसती बदली करतो."

हे तिला पटलं. पण आमच्या हातात देईना. स्वतःच दिवा उचलला, ज्योतीला हाताचा आडोसा धरला आणि गॅलरीच्या टोकाला, दूरच्या शेजारणीच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. तोवर माझा जीव टांगणीला.

मग चौरंगावरून खाली सोडलेली चादर वर केली. कॅन ओळीने उभे, एकाचं झाकण सैल. वासाने त्रासलेल्या म्हातारीने कटकट करून खिडकी सताड उघडी ठेवायला लावली होती, तेवढ्यावर निभावलं. नशेचा कसलाही संबंध निघाला नाही. ज्वालाग्राही पदार्थ निष्काळजीपणे बाळगल्याचा गुन्हा नोंदवला आणि पंचनामा करून माल जप्त केला.

पंचनामा चालू असताना बायको परत आली. कॅन बघितले, मग नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. ती हळूच म्हणाली, "रोज वाकान तेल घालतंय मी त्या दिव्यात." तो उंबऱ्यावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला. इतका वेळ मला त्याचा राग येत होता. तेव्हा मात्र कीव आली.

गुन्हेगाराला आपल्या मालाची जात ठाऊक असते, म्हणून तो माल घरापासून लांब ठेवतो. साधा माणूस व्हिडिओ बघतो आणि थेट घरात आणतो. त्या दिवसापासून वासाची तक्रार आली की माल कुणाचा, हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, त्या खोलीत झोपतं कोण?