एकाच नळीचा चहा

आज सकाळी हुबळीच्या घरी कपाट आवरताना वाळक्या भोपळ्याचा पेला सापडला. त्याला अर्जेंटिनातल्या कडू चहाचा वास अजून आहे.

बारा वर्षांपूर्वी मी अप्पांना, म्हणजे वडिलांना, ब्युनोस आयर्सला नेले होते. रविवारची दुपार होती. चौकात ढोल वाजत होते, म्हातारी जोडपी नाचत होती. आमच्या बाकावरच्या आजींनी अशाच पेल्यातून नळीने चहा ओढला, पुन्हा गरम पाणी भरले आणि तोच पेला, तीच नळी अप्पांपुढे धरली. लहानपणी अळणावरजवळच्या गावात अप्पांना पाणी वरून, ओंजळीत मिळायचे. त्यांनी चहा सावकाश संपवला आणि मी शिकवलेला "ग्रासियास" हा शब्द उच्चारून आभार मानले.

पुढच्या फेरीत पेला त्यांना वगळून माझ्याकडे आला.

"हितंबी कळली काय रं आपली जात?" अप्पांनी हळूच विचारले.

मी आजींना कारण विचारले. त्या हसल्या. "त्यांनी आभार मानले ना? आमच्याकडे त्याचा अर्थ, आता पुरे."

मी ते सांगताच अप्पांनी हात पुढे केला. त्या दुपारी त्यांनी आणखी चार पेले घेतले. आभार एकदाही मानले नाहीत.