उंदरांचा पोळा

पीएच.डी. करताना दोन वर्षं मी उंदरांना दुःखी करायचं काम केलं. हे ऐकून लोक हसतात, पण काम खरंच तेच होतं. नगरजवळच्या एका फार्मसी कॉलेजच्या ॲनिमल हाउसमध्ये पांढऱ्या उंदरांचे पिंजरे ओळीनं मांडलेले असत. एक दिवस पिंजरा तिरका ठेवायचा, एक दिवस खालचा भुसा ओला करायचा, एक दिवस पाण्याची बाटली रिकामीच अडकवायची. मोठा छळ नाही, रोजची न संपणारी किरकिर. काही आठवड्यांत उंदीर बदलतो. साधं पाणी आणि साखरेचं पाणी अशा दोन बाटल्या समोर लावल्या, तर एरवी तो गोडावर तुटून पडतो. आता त्याला दोन्ही सारखंच. मेंदूच्या पेशींवर निरोप टिपणारे रिसेप्टर असतात. सततच्या ताणानं ते कुठे कमी होतात, कुठे वाढतात, कुठे जागेवर असूनही निरोपाला दाद देत नाहीत. मला ते मोजायचे होते.

पिंजऱ्यांची देखभाल करणारे मामा राजूरकडचे. गावी भाताची खाचरं, बैलजोडी, एक गाय. भुसा ओला करायला सांगितलं की त्यांचा चेहरा पडायचा. "जनावर ओल्यात बसवायचं म्हंजे पाप हाय, मॅडम," म्हणत ते पाणी ओतायचे. मी विज्ञान समजावून सांगायचे, ते मान डोलवायचे. पटलेलं काहीच नसायचं.

पाचव्या आठवड्यात पोळा आला. मी सकाळी पोचले तर सगळे पिंजरे सरळ, सगळीकडे कोरडा भुसा, बाटल्या भरलेल्या, दारांवर हळदकुंकवाची बोटं. आणि प्रत्येक पिंजऱ्यात पुरणपोळीचा तुकडा. गोडाची आवड मोजायच्या प्रयोगात पुरणपोळी. काही उंदीर तिला हुंगून बाजूला झाले होते, काही चक्क मिशा पुसत बसले होते.

"आज पोळा हाय," मामा शांतपणे म्हणाले. "आज जनावर जुंपत न्हाईत. ह्यांना तर म्हैनाभर जुंपलंय आपण. येक दिस सुट्टी नको?"

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. माझा आवाज तीन खोल्यांपलीकडे गेला असणार. मग गाइडना फोन केला. ते म्हणाले, लपवायचं नाही, ही तुकडी बाद, नव्यानं सुरुवात कर. प्रबंध आणखी लांबला. मी फोन ठेवला आणि भुशाच्या पोत्यावर बसले. रडूही येईना. खरं सांगायचं तर कित्येक आठवडे सकाळी डोळे उघडले की पहिला विचार यायचा, उठायचं तरी कशाला. कुणाला सांगितलं नव्हतं. थकवा आहे, प्रबंध झाला की जाईल, असं मीच मला बजावत होते. बाटलीतलं पाणी किती उतरलं यावरून मी उंदराचं मन ओळखत होते आणि माझा स्वतःचा डबा रोज भरलेला घरी जात होता, ते मला दिसत नव्हतं.

दुपारी मामांनी त्यांच्या डब्यातली पोळी माझ्यापुढे ठेवली. मी भूक नाही म्हणाले. ते समोर उकिडवे बसले.

"म्हैना झाला बघतोय. तुमी डबा उघडता आन् तसाच बंद करता. आधी मला बोल तरी लावायच्या, आता त्ये बी न्हाई. आज वरडलात, तवा लई बरं वाटलं मला."

मी पोळी परत त्यांच्याकडे सरकवली.

"गाय वैरणीला तोंड लावंना झाली तर आमी तिला मन घट्ट कर म्हनत न्हाई. डॉक्टर आनतो."

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर शहरातल्या मानसोपचाराच्या दवाखान्यात आले आणि मी बाहेर येईपर्यंत बाकड्यावर बसून राहिले. आत काय झालं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. रोज एकच प्रश्न असायचा, "गोळी घेतली का?" सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. गुण यायला बरेच दिवस गेले. एका दुपारी मी डबा संपवून त्यांच्या डब्यात हात घातला, तेव्हा त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकेन असं मला वाटत नाही, आणि फेडावेत असंही वाटत नाही.

पुढची तुकडी पोळा टाळून केली आणि ती शेवटपर्यंत गेली. रिसेप्टर मोजायचे तर उंदराला मारून मेंदू बाहेर काढावा लागतो. त्या दिवशी मामांनी पिंजऱ्यांपुढे हात जोडले आणि ते अंगणात जाऊन बसले. एरवी मी हसले असते. त्या दिवशी मीही हात जोडले आणि मग कामाला लागले. उंदराच्या आत काय बदललंय, हे मला तो मेल्यावर कळत होतं. माझ्या आत काय बदललंय, हे मामांना मी जिवंत असताना कळलं होतं.