एका विहिरीवरचे दोन पंप आणि जवळा बाजारची वाट

“तुमी विज्ञानाचे मास्तर, या अन् सांगा आमच्यात कोण बराबर,” असा रशीदभाईंचा फोन आला आणि मी लातूरहून निघालो. ते माझे कॉलेजातले सोबती. शेत सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला. परभणीहून हिंगोलीची एसटी धरा, जवळा बाजारला उतरा. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, उभं राहायलाही जागा नसते. पुढे ऑटो, आणि कंबर सांभाळा.

भांडण असं की विहीर एक, सख्खे भाऊ दोन. रशीदभाईंच्या पॅनलवर उन्हाची वीज होते आणि तिच्यावर मोटर फिरते. थोरल्या हमीदभाईंचं इंजिन डिझेल जाळून पंप फिरवतं. ऊन उद्या पुन्हा येतं, जळलेलं डिझेल येत नाही, हे माझ्याआधीच दोघांना पाठ होतं. त्यावरून दोन वर्षं अबोला.

सकाळी वेगळंच दिसलं. इंजिनाची काजळी पॅनलवर बसते, आणि ती धुवायला रशीदभाईंच्या बायकोला, नसीमाभाभींना, पाणी मिळतं इंजिनाचंच. हमीदभाई डिझेल आणतात बॅटरीच्या स्कूटरवर, आणि ती चार्ज होते धाकट्याच्या छतावरच्या पॅनलवर. त्या वेळी दोघंही दुसरीकडे बघतात.

तीन दिवस आभाळ भरलेलं. गावचं रोहित्र जळालेलं. सौर पंप थंड, इंजिनात डिझेल नाही आणि गहू ओंबीवर आलेला. हमीदभाई कॅन बांधून निघाले. थोड्या वेळानं त्यांचा फोन मला आला, भावाला नाही. चार्जिंग संपून स्कूटर वाटेतच बंद पडली होती. शेजारी बसलेले रशीदभाई ऐकून उठले.

हँडलवर थोरले, मागून ढकलायला धाकटे, कॅन माझ्या हातात. मग एका खड्ड्यात स्कूटर कलली.

“भाई, हँडल सीदा पकडो,” रशीदभाई म्हणाले.

हमीदभाई थांबले. मागे न बघता म्हणाले, “तू ढकल रा की लटक रा?”

पुढे पेट्रोल पंपापर्यंत ते भांडतच गेले. येताना टेम्पोत स्कूटर टाकली. पोचलो तर लख्ख ऊन, भाभींनी पॅनल पुसून पंप सुरू केलेला. आणलंय तर वापरायचंच म्हणून हमीदभाईंनी इंजिनही लावलं. दुपारपर्यंत गहू भिजला आणि विहीर तळाला गेली. जेवणात धरणातला मासा होता, त्यासाठीही एवढ्या लांब यायला हरकत नाही.

लातूरला परतल्यावर आठवड्यानं भाभींचा फोन आला. दोघं रोज विहिरीवर मोठमोठ्यानं भांडतात म्हणाल्या. तकलीफ होत असेल, असं मी म्हणालो.

“व्हय तर,” त्या म्हणाल्या, “पण मोठे भाई आता जेवायला इकडंच येऊन राहिले.”