काळी गाठ अख्खी, पांढरी अर्धी

आमच्या बारा खाटांच्या दवाखान्यातले जुने केसपेपर कधीच रद्दीत गेले, पण किस्से कुठं जातात! आम्ही दोन-तीन रिटायर्ड सिस्टर हिंगोलीत कुणाच्या लग्नात भेटलो, की पंगत उठते, आम्ही उठत नाही. सुरुवात हसण्यानं होते. मग कुणीतरी पुसेगावच्या मामांचं नाव काढतं.

*

मामा मेंढपाळ. छातीत धडधडतं म्हणून आले, नव्वदच्या दशकात. डॉक्टरांनी बराच वेळ नाडी धरली.

"मामा, ठोके एका चालीत नाहीत."

"मेंढरं तरी कुठं एका चालीत जातेत साहेब? दोन पुढं, एक मागं. सांजंला समदी घरी येतेत!"

वॉर्ड हसला. डॉक्टर हसले नाहीत. अशा हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. रक्त पातळ करायला दोन गोळ्या होत्या. एक जोरदार, पण तिचा डोस बसेपर्यंत दहा-बारा दिवस अ‍ॅडमिट राहून रक्त तपासायचं. दुसरी साधी अ‍ॅस्पिरिन. तिच्यावर उद्या सुट्टी, पण भरवसा कमी. डॉक्टरांनी दोनदा समजावलं.

"मेंढ्या विऊन राहिल्यात साहेब. उद्यावाली द्या!"

खाट रिकामी झाली म्हणून तेव्हा मला बरंच वाटलं. आज त्याची लाज वाटते.

*

जोरदार गोळीच्याही तऱ्हा होत्या. कुरुंद्याच्या एका काकांना ती चालू होती. बोटाला विळा लागला, रक्त थांबेना. घरच्यांनी हळद दाबली. एक मूठ, दुसरी मूठ, तिसरी! दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आधी बोट शोधा!"

त्या बोटापायी आठ दिवस मुक्काम. काकी रोज विचारायच्या, "हळद तर आपल्याच रानातली, काहून लागू पडली न्हाई?"

*

जोरदार गोळीसाठीची रक्ताची तपासणी नांदेडला व्हायची. रक्ताची नळी बर्फाच्या थर्मासात घालून एसटीनं पाठवायची. कंडक्टर ओरडून सांगायचा, "शिष्टरबाई, पेशंट खिडकीपाशी बसला!"

एकदा गाडी वाटेत बंद पडली. बर्फ वितळला, रक्त वाया गेलं, पेशंटचा मुक्काम दोन दिवसांनी वाढला. दुसऱ्या दिवशी कंडक्टर त्याला भेटायला केळी घेऊन आला.

*

चार महिन्यांनी मामांना जीपमधून उचलून आणलं. उजवा हात-पाय गेलेला, तोंड वाकडं. दहा दिवस वाचवायला गेले होते, आता दीड महिना राहिले. जड जिभेनं पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "उद्या सुट्टी?"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

या वेळी जोरदार गोळी. एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी. मामांच्या बायकोला, मावशींना, लिहितावाचता येत नव्हतं. मी कॅलेंडरवर खुणा करू लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या." पिशवीतून लोकर काढली, मांडीवर दोरा वळला. अख्खी गोळी दिली की त्यावर काळ्या लोकरीची गाठ, अर्धी दिली की पांढरीची.

डॉक्टर म्हणाले, "आपल्या रजिस्टरपेक्षा हे बरं!"

*

त्यानंतर मामा आठ महिने जगले. दुसरा झटका घरीच आला. तेराव्यानंतर मावशी एकट्याच एसटीनं आल्या आणि दोऱ्याचं भेंडोळं माझ्या टेबलावर ठेवलं.

"मोजा शिष्टरबाई. माझ्या हातनं कुठं चुकलं का, बघा."

मी एकेक गाठ बोटांखालून सरकवत गेले. काळी, पांढरी, काळी, पांढरी. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेवटाजवळ दोन काळ्या गाठी शेजारी-शेजारी आल्या. मधली पांढरी नव्हती.

मी तिथं अंगठा ठेवला आणि पुढं मोजत राहिले.

"बराबर हाय, मावशी. एक बी चुकली न्हाई."

मावशींनी डोळ्याला पदर लावला. उठल्या. दोरा माझ्याकडे सरकवला.

"मंग तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. घरी नेला तर कुणी पुन्ना मोजंल."