निकाल इंग्रजीत, धसका मराठीत

हायकोर्टाचे निकाल जाडजूड पुस्तकांत छापून येतात. व्हरांड्यातले निकाल कोणी छापत नाही, ते मुन्शीच्या डोक्यात साचत जातात. नागपुरात एका वकीलसाहेबांकडं मी उभी हयात मुन्शीगिरी केली. निकाल लागला की बाहेर येऊन पक्षकाराला तो मराठीत समजावणं, हे माझं काम. साहेब म्हणायचे, "मी जजला समजावतो, तू माणसाला समजाव. तुझं काम जास्त कठीण आहे." खोटं नव्हतं ते.

*

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. एका पोस्टमास्तरांना घर खाली करायचा हुकूम झाला होता. आम्ही हायकोर्टातून तो थांबवून आणला अन् लगेच तार ठोकली : "स्टे ग्रँटेड."

तिसऱ्या दिवशी मास्तर होल्डॉल, बायको अन् दोन पोरी घेऊन साहेबांच्या दारात हजर! म्हणाले, "राहण्याची सोय केल्याची तार भेटली. त्या जागेचा पत्ता लिहायचा मात्र राहून गेला तुमच्याकडून."

मंडळी दोन दिवस राहिली, साहेबांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी वडाभात खाऊ घातला. कोर्टाचा स्टे मात्र पुढं चार वर्षं टिकला.

*

सावनेरच्या एका म्हातारीला सांगितलं, "आजी, केस पार्ट-हर्ड आहे. अर्धी ऐकून झाली, उरलेली सोमवारी."

"अर्धंच ऐकू आलं काय जजले? मंग तुह्या वकिलाले म्हण, जरा मोठ्यानं बोलत जा गा."

सोमवारी साहेब खरंच मोठ्यानं बोलले. जज म्हणाले, "वकीलसाहेब, मी बहिरा नाही."

*

काटोलकडच्या एका काकांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून भावाशी भांडण. निकाल रिझर्व्ह ठेवला म्हटल्यावर त्यांचा चेहराच उतरला.

"कोणाच्या नावानं रिझर्व्ह केला? भावाच्या तर नाही ना?"

म्हटलं, तसं नाही काका, जजसाहेब विचार करून मागाहून देतील.

"मंग सध्या आमचं काय?"

मागून साहेब म्हणाले, "सध्या दोघंही भाऊ वेटिंगवर."

*

हायकोर्टानं एकाची केस पुन्हा ऐकायला खालच्या कोर्टात पाठवली. याला रिमांड म्हणतात. मी नुसतं "रिमांड झाला" एवढंच बोललो अन् कागद आणायला आत गेलो. चूक माझीच. बाहेर येतो तर गडी गायब. शेवटी सीताबर्डीत स्वतःच्या साळ्याच्या कापडदुकानात सापडला, लट्ठ्याच्या गठ्ठ्यामागं बसलेला.

"अबे, रिमांड केसले भेटला, तुले नाही."

तो म्हणाला, "लिहून द्या."

*

आता ही शेवटची. सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

शीलाबाई कोराडीकडच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायच्या. घराण्यात शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्याच. संस्थेच्या सेक्रेटरीशी वाजलं अन् त्यानं एका ओळीचं पत्र हातात ठेवलं : "यू आर डिसमिस्ड." खालच्या कोर्टानं त्यांना नोकरी परत दिली, तर संस्था अपील घेऊन हायकोर्टात आली. इथं हरल्या तर शाळा कायमची गेली.

निकालाच्या दिवशी बाई मागच्या बाकावर, मी शेजारी, सेक्रेटरी पुढच्या बाकावर. जजसाहेब पाऊण तास स्टेनोला निकाल सांगत होते, सगळं इंग्रजीत. बाई एकेक शब्द पकडायला बघत होत्या. शेवटी जजसाहेब म्हणाले, "द अपील इज डिसमिस्ड."

मी खुशीत वळून पाहतो तर बाई जागेवर नाहीत. पायऱ्यांवर गाठलं त्यांना. पर्स छातीशी धरून उतरत होत्या.

"मले सांगू नका भाऊ," त्या म्हणाल्या. "तो शब्द मले पाठ आहे."

"बाई, अपील कोणाचं होतं?"

"संस्थेचं."

"मंग डिसमिस कोण झालं?"

गणिताच्याच बाई त्या. दोन पायऱ्या उतरेपर्यंत उत्तर आलं. मग तिथंच कठड्याला टेकून बसल्या अन् भरपूर रडल्या.

थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसलं अन् उलट वर चढायला लागल्या.

"आता काहून वर, बाई?"

"सेक्रेटरी आतच बसून राहिला ना? जजसाहेबाले म्हणा, तेवढा शब्द पुन्हा एक वेळ बोला. मघाशी मी नीट ऐकला नाही."