तळहातावर लिंग आणि मन भलतीकडे

त्या वर्षी घरादाराने मला मोठा शिवभक्त ठरवलं होतं आणि मला मात्र सकाळी डोळे उघडूच नयेत असं वाटत होतं. आम्ही परळीचे, लिंगायत, भांड्यांचं दुकान. आमच्यात रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, त्याच्यावर नजर लावून पूजा करतात, आणि पूजेतल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. मला लपायला ही जागा फार सोयीची झाली. झोप उडालेली, जेवण मातीसारखं लागायचं. तळहातावर लिंग ठेवून मी ऊन चढेपर्यंत बसून राहायचो. देवाचं नावही मनात यायचं नाही. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "पोराला महादेवाची लई वड लागलीय बाई." धडधाकट, पंचविशीतला, चालत्या दुकानाचा पोरगा, मला रडू येतं हे सांगायचं तरी कुणाला?

दिवाळीत चुलतभावाने पुण्याच्या वसतिगृहातला मित्र आणला, सुदानचा इद्रिस. तो खरं तर वेरूळला जायचा होता, सोबती आजारी पडला म्हणून इकडे आला. बाजारात लोक त्याच्यासोबत फोटो काढत, पोरं न विचारता त्याच्या केसांना हात लावत, आणि तो हसत राही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवघराच्या दारात बसून माझ्याकडे बघत होता. मी लिंग गळ्यात घातलं तसा हळूच म्हणाला, "भाई, तुम पूजा नहीं कर रहे थे."

माझं टाळकंच सरकलं. हा कोण सांगणारा? पण याला कळलं कसं, हे कुतूहल रागापेक्षा मोठं निघालं. मी विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. पुण्यात नवा असताना तोही नमाज झाल्यावर तसाच चटईवर बसून राहायचा. देशात लढाई, थोरल्या भावाचा पत्ता नाही, रस्त्यात रंगावरून टोमणे. आणि पोरं म्हणायची, काय धार्मिक माणूस आहे! आफ्रिकेतल्या पोरांचे केस कापणं इथल्या सलूनवाल्यांना जमत नाही, म्हणून ती रविवारी एकमेकांचे कापतात. त्यांचा एक नियम आहे: खुर्चीत बसेल त्याने आपलं खरं सांगायचं. एकदा मित्राने मध्येच मशीन बंद करून त्याला विचारलं आणि हा अर्ध्या कापलेल्या डोक्याने ढसाढसा रडला. हे सांगताना तो स्वतःच हसला. मग मला म्हणाला, "अब तुम बोलो."

जगावंसं वाटत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा तोंडाने बोललो.

त्याने मला एकटं सोडलं नाही. आईला बोलावलं, आणि मी तिच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अंबाजोगाईला डॉक्टरकडे गेलो. औषधं, बोलणं, पुन्हा औषधं. बरं वाटायला बरेच महिने गेले. आई म्हणते, "वैजनाथानंच धाडलं त्याला." मी वाद घालत नाही. वेरूळचा बेत का मोडला, याचा विचार मात्र अजून करतो आणि हात आपोआप जोडले जातात. इद्रिसच्या भावाचा अजून पत्ता नाही. दर रविवारी मी त्याला फोन करतो. आता विचारायची पाळी माझी असते.

शरण जायचं म्हणजे देवापुढे गप्प बसायचं, असं मला वाटायचं. आता आमच्या घरात पूजेतल्या माणसाला हाक मारतात. आई दारातून विचारते, "बाळा, पूजा करायलास का नुसताच बसलायस?"

एखाद्या दिवशी मी म्हणतो, "नुसताच बसलोय गं." मग ती गॅस बंद करते आणि माझ्याशेजारी येऊन बसते.