मामांनी जोडलेला कॉम्प्युटर

आमच्या हिच्या मामांनी दुरुस्त केलेली एकही वस्तू पुन्हा पहिल्यासारखी चालली नाही, आणि तरीही अख्ख्या इंदुरात त्यांच्याइतका भरवशाचा माणूस मी पाहिलेला नाही. शेजारच्या काकूंचा मिक्सर त्यांच्या हातून गेल्यापासून चटणी भांड्यात न राहता थेट छताला लागायची, काकू स्टुलावर चढून ती खरवडायच्या आणि वर म्हणायच्या, "पण बारीक किती होते!" एका वकिलांचं घड्याळ त्यांनी चालू केलं तर काटे उलटे फिरू लागले. वकील कुरकुरले. मामा शांतपणे म्हणाले, "उलटं तर उलटं, पण एका सेकंदाचा फरक नाही. देख लो." आमच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत माइक गेला, तेव्हा अंतरपाट तसाच धरून ठेवायला लावून मामा स्टेजखाली शिरले. बाहेर आले तेव्हा भटजींचा आवाज शेजारच्या धर्मशाळेतल्या स्पीकरमधून घुमत होता. तिथे कुणाच्या तरी तेराव्याची पंगत बसली होती. 'सावधान' ऐकून अर्धी पंगत हातातला घास टाकून उठली, असं मामाच सांगत. खरंखोटं देव जाणे; मी अंतरपाटामागे होतो.

मामा मूळचे कापड गिरणीतल्या विजेच्या खात्यातले. गिरणी बंद पडली, मामा पडले नाहीत. कृष्णपुऱ्याजवळच्या आपल्या दोन खोल्यांत त्यांनी एक टेबल मांडलं आणि त्या टेबलावर गिरणीचा कायदा तसाच चालू ठेवला. जोडणारा वेगळा, तपासणारा वेगळा. तपासणाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे, डोळ्यांनी पाहायचं, तोंडाने चूक सांगायची, पण वायरीला बोट लावायचं नाही. "हात लावला की कुणी बिघडवलं न् कुणी सुधरवलं, मालूमच नाही पडत," असं त्यांचं म्हणणं. घरी हे काम मामी करीत. कणकेचे हात पाठीमागे धरून उभ्या राहत आणि म्हणत, "अहो, ती लाल वायर लोंबतेय." परवाच्या उन्हाळ्यात मामी गेल्या. टेबल राहिलं, मामा राहिले, पाठीमागे हात घेणारं कुणी राहिलं नाही.

त्यातच मामांचे हात थरथरायला लागले. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, मामा रेडिओत डोकं घालून बसलेले. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून वाचले. पुण्याहून मुलीचा फोन आला, "बाबा, आता पुरे. टेबल आवरा, मी न्यायला येते." मामांनी बाणेदारपणे अट घातली, "मी माझ्या हातांनी नवा कॉम्प्युटर जोडतो. चालू झाला तर इथेच राहीन. नाही झाला तर चूं न करता येतो." आयुष्यात त्यांनी कॉम्प्युटर उघडूनसुद्धा पाहिला नव्हता; पण नवीन काही शिकताना घाबरेल तो माणूस लग्नातला माइक कशाला उघडेल?

जेल रोडवरच्या दुकानांतून कॉम्प्युटरचं सुटं सामान आलं. मामांनी चार दिवस खपून ते कॅबिनेटमध्ये बसवलं, पूजा केली, नारळ फोडला आणि बटण दाबलं. काही नाही. ना दिवा, ना पंखा, ना नुसतं खुट्ट. प्लग पाहिला, मागचा स्विच पाहिला, टेस्टर लावला, रॅम काढून परत घातली. पॉवर सप्लाय सुटा करून तपासला, तर त्याचा पंखा भिंगरीसारखा फिरला. परत आत बसवला की पुन्हा स्मशानशांतता. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला फोन आला. आवाज इतका बारीक, की मला आधी वाटलं राँग नंबर आहे. "जावईबापू, जरा तपासायला येता का?"

मी विजय नगरातलं ऑफिस सोडून निघालो. मामांनी मला टेबलापुढे उभं केलं. "हात पाठीमागे. आरामात बघा, मी चहा टाकतो." मी वाकून पाहिलं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात तिळाएवढ्या पिना, शेजारी खसखशीएवढी अक्षरं. बटणाची वायर एक पिन सरकून बसली होती. बस, एवढंच. माझ्या डोळ्यांना दिसली, त्यांच्या डोळ्यांना नाही. तोंडाने सांगावं, तर त्या थरथरत्या हातांना तिळाएवढी पिन साधणार नाही, मामा हरले. न सांगावं, तरी हरले. स्वयंपाकघरात कपबशी थरथरत वाजत होती. मी पाठीमागचा उजवा हात पुढे आणला, वायर उपटली, एक पिन सरकवून बसवली आणि हात पुन्हा पाठीमागे नेला.

"काय दिसलं?" मामा चहा घेऊन आले.

"सगळं ठीक आहे मामा. एकदा दाबून तर बघा."

त्यांनी बटण दाबलं. पंखे गरगरले, दिवे लागले, स्क्रीनवर अक्षरं उमटली. मी टाळ्या पिटल्या, आरडाओरडा केला, गल्लीला ऐकू जाईल असा. मामा मात्र हसले नाहीत.

"कोणती वायर होती?"

"कसली वायर?"

"अहो भिया, दोन दिवस मुडदा पडलेली मशीन चहा उकळेस्तोवर आपणहून नाही उठत." त्यांनी माझ्यापुढे बशी सरकवली. "तुमची मामी असती तर बोलली असती. तिने हात नसता लावला."

"एका पिनेचा तर फरक होता, मामा."

"हो ना. तेवढाच असतो."

मग त्यांनी पुण्याला फोन लावला. माझ्यासमोर, त्या गरगरणाऱ्या पंख्यांच्या आवाजात, स्पष्ट शब्दांत सांगितलं, "नाही गं, नाही झाला चालू. ये न्यायला." पलीकडून तिने काहीतरी विचारलं. "आवाज? तो होय. जावईबापू आलेत, त्यांनी जोडलेला चालतोय."

आता मामा पुण्याला असतात. दर रविवारी सकाळी फोन येतो. मी घरातलं बिघडलेलं काही आठवून ठेवतो, कधी नसलं तर बनवून सांगतो. मामा वायरींचे रंग विचारतात, मी पाहून सांगतो. परवा मी विचारलं, तिकडे करमतं ना? मामा म्हणाले, "लेकीचं घर चांगलं आहे हो. सगळं नवं कोरं. काही बिघडतच नाही इथे."